एसईसीएस-जेम: यंत्र समोर नसताना गावात बसून कसं शिकायचं?

अरुणावती_काठ

नमस्कार. मी दिग्रसजवळच्या खेड्यातली. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालाय. साणंदकडच्या एका चिप पॅकेजिंगच्या कारखान्यात ‘इक्विपमेंट ऑटोमेशन’च्या जागेसाठी अर्ज केला होता, पहिली फेरी फोनवर झाली. त्यात विचारलं, “एसईसीएस-जेम येतं का?” मला पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा कॉम्प्युटर), मॉडबस (त्याच्याशी बोलण्याची एक साधी पद्धत) आणि थोडं पायथॉन येतं. हे नाव कॉलेजात कधी निघालंच नव्हतं. पुढची फेरी समोरासमोर आहे.

वाचून एवढं कळलं की कारखान्यातलं यंत्र आणि वरचा होस्ट कॉम्प्युटर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, त्याचे हे नियम. पण त्याच्या ई४, ई५, ई३०, ई३७ या मानकांतलं कोणतं कशासाठी, ते एका जागी सापडत नाही आणि मूळ दस्तऐवज विकत घ्यावे लागतात. घरी जुना लॅपटॉप आहे, नेट मोबाइलचं. एवढ्यावर जमेल का?

हिंगणघाट_जिन

ताई, उत्तर माह्यापाशी नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहून राह्यलो. मी जिनिंग-प्रेसिंगमध्ये इलेक्ट्रिकलचं काम पाहतो. मले पण विचारायचं हाय, हे आमच्या प्रेसले लावता येईल काय? सध्या पीएलसीचं रजिस्टर दर सेकंदाले वाचून गाठीचं वजन कॉम्प्युटरवर घेतो. कधी एखादी गाठ निसटते, मंग रात्री वही घेऊन मेळ बसवा लागते.

वरुडचा_संत्रा

या कामात बरीच वर्षं आहे, आधी मलेशियात, आता देशात. ताई, जमेल. सगळे लॅपटॉपवरच शिकतात. यंत्र कोट्यवधींचं असतं, नवशिक्याच्या हाती ते कुणी सोपवत नाही.

आधी आकड्यांचं मिटवू. ई४ म्हणजे एसईसीएस-एक, १९८० चं. आरएस-२३२ ची सीरियल तार, एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त २४४ बाइट मजकूर. ई५ म्हणजे एसईसीएस-दोन, १९८२ चं. तारेवरून जाणारा संदेश आतून कसा रचलेला असेल ते यात आहे. ई३७ म्हणजे एचएसएमएस, तेच ई५ चे संदेश सीरियल तारेऐवजी टीसीपी-आयपीवरून. ई३० म्हणजे जेम, १९९२ चं. नव्या यंत्राशी काम करताना ई५, ई३० आणि ई३७ हाताशी लागतात. ई४ जुन्या यंत्रांवर भेटतं आणि पॅकेजिंगवाल्यांकडे जुनी यंत्रं असतातच, म्हणून ते अगदी सोडून देऊ नका.

जेम का आलं, हे मुलाखतीत विचारतात. ई५ ने संदेशांचा मोठा साठा दिला होता, पण त्यातले कोणते पाळायचेच हे सांगितलं नव्हतं. प्रत्येक यंत्रवाल्याने आपल्या सोयीचे उचलले आणि कारखान्याला प्रत्येक यंत्रासाठी होस्टचा वेगळा प्रोग्राम लिहावा लागला. जेमने अवस्था ठरवून दिल्या. यंत्र ऑफलाइन आहे की ऑनलाइन, ऑनलाइन असेल तर ‘लोकल’ की ‘रिमोट’, म्हणजे ऑपरेटरच्या हातात की होस्टच्या. कोणत्या प्रसंगी कोणता संदेश जाईल तेही ठरलं.

संदेशाचं नाव स्ट्रीम आणि फंक्शन या दोन आकड्यांनी बनतं. एस१एफ१ म्हणजे ‘आहेस का?’, त्याचं उत्तर एस१एफ२. विचारणाऱ्याचं फंक्शन विषम, उत्तराचं त्याच्या पुढचं सम. एस१एफ१३ ने संवाद जुळतो, एस२एफ४१ ने होस्ट आज्ञा देतो, एस५एफ१ म्हणजे अलार्म, एस६एफ११ म्हणजे ‘अमुक घटना घडली, हा तिचा अहवाल’. पोटापाण्याचं काम या एस६एफ११ भोवतीच फिरतं.

पायथॉन येतंय ना? मग पायथॉनमधली या विषयाची मुक्त स्रोत लायब्ररी घ्या आणि एकाच लॅपटॉपवर दोन प्रोग्राम चालवा, एक यंत्र, एक होस्ट. सहसा यंत्र वाट पाहत बसतं आणि होस्ट जोडणी करतो. त्यांच्यात जे बाइट जातात ते कागदावर उतरवून स्वतः सोडवा. लायब्ररीने सोडवलेलं वाचून हात बसत नाही.

मूल_मारोडा

वरचं उत्तर साठवून ठेवा. मी चंद्रपूर जिल्ह्यातला, कारखान्यांच्या नेटवर्कच्या सुरक्षेचं काम करतो. नंतर सविस्तर लिहितो, इथं सध्या लाइन नाही.

अरुणावती_काठ

दोन्ही प्रोग्राम चालले! दादा, तुम्ही म्हणालात तसे बाइट उतरवले. हे यंत्राकडून होस्टकडे गेलेले. दशमान आकड्यांत लिहिते:

० ० ० ४०
० ० १३४ ११ ० ० ० ० ० ४२
१ ३
१६९ २ ० १
१६९ २ ३ २३३
१ १
१ २
१६९ २ ० १०
१ २
६५ ४ ७६ ४८ ४८ ५५
१६९ २ १ ९४

ओळी मी अंदाजाने पाडल्यात. पहिले चार बाइट लांबीचे असावेत, कारण नंतरचे मोजले तर ४० भरतात. पुढे १३४ कुठून आला? आणि १६९ सारखा सारखा का येतो?

वरुडचा_संत्रा

ओळी बरोबर पाडल्यात. आता एकेक घ्या.

दुसरी ओळ म्हणजे दहा बाइटचं शीर्षक. पहिले दोन सत्राचा क्रमांक. १३४ म्हणजे १२८ अधिक ६. स्ट्रीम ६, आणि वरचा १२८ म्हणजे ‘मला उत्तर हवंय’ ही खूण. पुढचा ११ म्हणजे फंक्शन. झालं एस६एफ११. नंतरचे दोन शून्य सांगतात की हा साधा डेटा संदेश आहे. जोडणी निवडण्याचे किंवा तपासण्याचे एचएसएमएसचे स्वतःचे संदेश असतात, त्यांत इथला दुसरा आकडा बदलतो. शेवटचे चार बाइट म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, इथे ४२. उत्तरात हाच ४२ परत यायला हवा, त्यावरून कोणत्या प्रश्नाचं उत्तर ते जुळतं.

मजकुरात प्रत्येक घटकाच्या सुरुवातीचा बाइट चारने भागा. भागाकार म्हणजे घटकाचा प्रकार, बाकी म्हणजे लांबी सांगायला पुढे किती बाइट घेतलेत. १६९ भागिले ४, भागाकार ४२, बाकी १. ४२ म्हणजे दोन बाइटचा बिनचिन्ह पूर्णांक. ६५ चा भागाकार १६, म्हणजे अक्षरं. १ चा भागाकार ०, म्हणजे यादी, आणि यादीपुढच्या आकड्यात बाइट न मोजता घटक मोजतात. दस्तऐवजात हे प्रकार अष्टमान आकड्यांत छापलेत, तिथे ४२ च्या जागी ५२ आणि १६ च्या जागी २० दिसेल. दचकू नका.

आता वाचा: तीन घटकांची यादी. डेटा क्रमांक १. घटना क्रमांक ३ गुणिले २५६ अधिक २३३, म्हणजे १००१. मग एक अहवाल, त्याचा क्रमांक १०, आत दोन मूल्यं: ‘एल००७’ हा लॉट, म्हणजे एकत्र बनणाऱ्या मालाची खेप, आणि १ गुणिले २५६ अधिक ९४, म्हणजे ३५०.

होस्टने यावर एस६एफ१२ द्यायचा:

० ० ० १३
० ० ६ १२ ० ० ० ० ० ४२
३३ १ ०

शेवटचा शून्य म्हणजे ‘पोचलं, मान्य’. तो वेळेत गेला नाही तर यंत्राचं टी३ घड्याळ संपतं. ते बहुधा ४५ सेकंदांवर लावलेलं असतं. मग यंत्र एस९एफ९ पाठवून तक्रार करतं.

मोठा बाइट आधी, हा क्रम पक्का आहे. एका जुन्या यंत्रात, बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, एकाच व्हेरिएबलचे बाइट उलटे येत. ३५० च्या जागी २४०६५. बाकी सगळी व्हेरिएबल नीट, म्हणून महिनोन्‌महिने सगळे सेन्सरला दोष देत राहिले.

पण ताई, खरा प्रश्न पुढेच आहे. ३५० म्हणजे काय? ३५० अंश? की दशांशाचं चिन्ह न पाठवल्यामुळे ३५.०? की सेकंद? ई५ वाचून सांगता येणार नाही, ई३० वाचूनही नाही. १००१ म्हणजे लॉट सुरू झाला की संपला, तेही नाही. स्टेटस व्हेरिएबलची नावं आणि एककं होस्टला एस१एफ११ ने मागता येतात, पण यंत्रवाल्याने ती जागा रिकामी सोडलेली मी खूपदा पाहिलीय. हे सगळं त्या यंत्राच्या इंटरफेस मॅन्युअलमध्ये असतं. म्हणून मी नव्या लोकांना सांगतो, मानक एकदा समजून घ्या आणि मॅन्युअल रोज वाचा.

हिंगणघाट_जिन

दादा, हे भलतंच चांगलं लिहिलं. मॉडबसमध्ये आमचा हाच ताप हाय. दोन रजिस्टर मिळून एक वजन होते, पण कोणतं रजिस्टर आधी हे ज्याचं त्याचं. इथं तर हरेक आकडा आपला प्रकार अन्‌ लांबी संगं घेऊन येते. मंग आमच्या प्रेसले काऊन लावू नये?

वरुडचा_संत्रा

भाऊ, प्रेस बनवणाऱ्याने हे आत घातलेलं नाही आणि एका जिनसाठी तो घालणारही नाही. तुम्ही मधे कॉम्प्युटर ठेवून ते घडवाल, पण समोर होस्ट कुठला? चिपच्या कारखान्यात होस्टच्या मागे सगळी उत्पादन-व्यवस्था उभी असते, म्हणून खर्च परवडतो. सौर पॅनेलवाल्यांनी याच पायावर पीव्ही२ नावाचं मानक घेतलं, त्यांचीही यंत्रं शेकड्यांनी असतात.

पण एक गोष्ट उचला. जेममध्ये होस्ट दर सेकंदाला विचारत बसत नाही. तो सुरुवातीलाच सांगून ठेवतो. एस२एफ३३ ने अहवालात काय काय हवं ते, एस२एफ३५ ने तो अहवाल कोणत्या घटनेला बांधायचा ते, एस२एफ३७ ने घटना चालू. नंतर यंत्र आपणहून कळवतं. तुमच्या प्रेसवर गाठ बांधून बाहेर पडली ही घटना आणि तिचा अहवाल म्हणजे गाठीचा क्रमांक, वजन, रुईचा ओलावा, वेळ. पीएलसीनेच तेवढं एकदा पाठवायचं, एमक्यूटीटी या हलक्या संदेश-पद्धतीवर पाठवा, साधं होईल. आणि पावती आल्याशिवाय पीएलसीने ती नोंद पुसायची नाही.

हिंगणघाट_जिन

गाठीचा क्रमांक पीएलसीतच चढता ठेवला तं मधली हुकली हे पण कळन. हंगाम सुरू व्हायच्या आत करून पाहतो. १७० किलोच्या गाठीत दोन-चार किलोचा फरक व्यापारी लगेच धरते, म्हणून नोंद पक्की पाहिजे.

आर्वीचे_मास्तर

मी पॉलिटेक्निकला शिकवतो. धागा वाचतोय, मुलांनाही वाचायला सांगितलाय. एक शंका आहे. १९८० च्या दशकातली ही रचना आता का शिकवावी? ओपीसी-यूएसारखी यंत्रांची नवी भाषा आहे, एमक्यूटीटी आहे. धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा फॅब, म्हणजे चिप बनवण्याचा कारखाना, होतोय, साणंदला, आसामला प्रकल्प आहेत. मुलांना जुनं शिकवून मागे तर ठेवत नाही ना?

वरुडचा_संत्रा

मास्तर, फॅबमध्ये येणारी यंत्रं ज्या देशांतून येतात तिथे हीच भाषा आत बसवलेली असते. ३०० मिलिमीटरच्या वेफरचे (ज्यावर चिपा बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीचे) कारखाने आले तेव्हा ही रचना मोडली नाही, तिच्यावर मजले चढवले. ई८७ वेफरच्या डब्याचा हिशेब ठेवतं, एका डब्यात २५ वेफर. ई९० एकेका वेफरचा माग ठेवतं. ई४० आणि ई९४ कामांची आखणी. सगळ्यांच्या पोटात संदेश ई५ चेच. वरून रुळावरची गाडी डबा यंत्रावर ठेवते तेव्हा मात्र दोघांची थेट सिग्नलवर बोलणी होतात, ते ई८४. तिथे होस्टला मधे घेण्याइतका वेळच नसतो.

नवं नाही असं नाही. भरपूर आणि बारीक डेटासाठी ईडीए नावाची वेगळी वाट आहे. ती आधी एक्सएमएलवर होती, आता जीआरपीसीवर आलीय. पण ती डेटा घेण्यासाठी. यंत्र चालवायचं, रेसिपी (काम कसं करायचं त्याच्या सूचना) द्यायची, सुरू-बंद करायचं ते जेमवरच. मुलांना आधी हे येऊ द्या.

आर्वीचे_मास्तर

पटलं. तरी ईडीए शेवटच्या वर्षाला ओझरतं का होईना ठेवीन. मुलं नोकरीला लागेपर्यंत ते आणखी पसरलेलं असेल.

मूल_मारोडा

लाइन आली. माझं म्हणणं थोडक्यात, पण ते मुलाखतीत बोला. या एचएसएमएसमध्ये ओळख पटवणं नाही आणि गुप्तलेखनही नाही. ज्याला यंत्राचा आयपी आणि पोर्ट माहीत, तो जोडणी मागू शकतो. बाइट उघडे जातात, तुम्ही वर उतरवले तसेच कुणीही उतरवील. म्हणून यंत्रांचं नेटवर्क वेगळं ठेवतात, मधे फायरवॉल, आणि होस्टचाच पत्ता आत सोडतात.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीच्या कारखान्यांत व्हायरस पसरला होता. नव्या यंत्राचं सॉफ्टवेअर बसवताना चूक झाली आणि ते यंत्र नेटवर्कला जोडल्यावर तो फैलावला, असं कंपनीनेच सांगितलं. पुढे ई१८७ हे यंत्राच्या सायबर सुरक्षेचं मानक आलं, त्यात तैवानमधल्या लोकांचा पुढाकार होता. यंत्र कारखान्यात येण्याआधीच त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, नोंदी कशा असाव्यात ते त्यात आहे. साणंदला नवी यंत्रं येताहेत, त्यामुळे याविषयी विचारतीलच.

अरुणावती_काठ

आमच्याकडे काल दुपारपासून लाइन ये-जा करतेय, त्यावरून सुचलं. होस्ट बंद पडला किंवा मधली तार तुटली आणि यंत्र चालूच राहिलं, तर त्या वेळातल्या घटना कुठे जातात?

वरुडचा_संत्रा

चांगला प्रश्न. याला स्पूलिंग म्हणतात. संवाद तुटला की यंत्र संदेश स्वतःकडे साठवतं आणि ते वीज गेली तरी टिकेल अशा जागी ठेवावे लागतात. जोडणी परत आली की होस्ट एस६एफ२३ पाठवतो, ‘साठवलेलं दे’ किंवा ‘पुसून टाक’. कोणते संदेश साठवायचे ते एस२एफ४३ ने ठरतं. स्ट्रीम १ चे साठवत नाहीत, मागच्या तासाचं ‘आहेस का?’ आता कुणाला हवंय?

इथे एक खाच आहे. साठवलेल्या घटना तासाभराने होस्टकडे एकदम येतात. अहवालात यंत्राच्या घड्याळाची वेळ घातली नसेल, तर होस्ट त्या सगळ्यांवर आत्ताची वेळ टाकतो आणि एका मिनिटात पाचशे चिपा बनल्याचं दिसतं. म्हणून प्रत्येक अहवालात घड्याळाचं व्हेरिएबल पहिलं ठेवा आणि यंत्राचं घड्याळ एस२एफ३१ ने जुळवून ठेवा. वर्ष दोन आकडी की चार आकडी, तेही बघा. बारा अक्षरांची वेळ आणि सोळा अक्षरांची वेळ दोन्ही चालतात.

दुसरी खाच याहून मोठी. स्पूलिंग प्रत्येक यंत्रात असेलच असं नाही. जेममध्ये काही गोष्टी मूलभूत आहेत: अवस्था, घटना कळवणं, संवाद जुळवणं, चुकीचे संदेश ओळखणं, मॅन्युअल. बाकीच्या जादा क्षमता म्हणजे स्पूलिंग, अलार्म, रेसिपी, ट्रेस (ठरावीक वेळाने मूल्यं पाठवत राहणं), होस्टकडून आज्ञा, आणि अहवाल हवा तसा घडवण्याची सोयसुद्धा. यंत्राच्या माहितीपत्रकावर ‘जेम आहे’ लिहिलेलं असतं, खरेदीवाले खूश होतात आणि यंत्र आल्यावर कळतं की होस्टकडून ‘सुरू हो’ म्हणता येत नाही. यात खोटं काही नसतं. मूलभूत भाग पाळलेला असतो.

आर्वीचे_मास्तर

मग खरेदीआधी ओळखायचं कसं?

वरुडचा_संत्रा

प्रत्येक जेम यंत्राच्या मॅन्युअलमध्ये अनुपालनाचा तक्ता असावाच लागतो. एकेका क्षमतेपुढे दोन रकाने: बसवलीय का, आणि बसवलेली जेमप्रमाणे आहे का. दोन्हींत हो-नाही. खरेदीच्या टेबलावर तो तक्ता मागा. कारखान्याला जे हवंय त्याच्यासमोर दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ असेल तर किंमत ठरण्याआधी बोला. पैसे गेल्यावर तो बदल ‘जादा काम’ होतो.

आणि तक्त्यावरही थांबू नका. यंत्र बनवणाऱ्याच्या जागेवर, पेटीत बंद होण्याआधी तपासा. ताई, मुलाखतीत ‘यंत्र आलं तर काय कराल’ असं विचारलं तर हे सांगा. आधी एस१एफ१३. मग एस२एफ३७ ने सगळ्या घटना बंद, रिकाम्या यादीचा एस२एफ३३ देऊन जुने अहवाल साफ, मग आपले अहवाल, जोडणी, घटना चालू. मॅन्युअलमधली प्रत्येक घटना यंत्रावर हाताने घडवायची. दार उघडायचं, लॉट सुरू करायचा, मधेच थांबवायचा, आपत्कालीन बटण दाबायचं. घटना आली का, एकदाच आली का, मूल्य त्या क्षणाचं होतं की आधीचं, हे टिपायचं. लॉट संपल्याची घटना येते पण तिच्यातला लॉट क्रमांक आधीच पुसला गेलेला असतो, हे फार भेटतं. नंतर नेटवर्कची तार काढून लॉट पूर्ण करायचा, तार परत लावायची आणि स्पूलमधून काय येतं ते मोजायचं.

अरुणावती_काठ

हे सगळं माझ्या खोट्या यंत्रावर आजच करते. लॉट क्रमांक पुसण्याआधी घटना पाठवायची, तेही त्यात घालते. दादा, एक राहिलं. यंत्र एक करतंय आणि मॅन्युअलमध्ये दुसरंच लिहिलंय, तर नोंद कोणत्या बाजूने करायची?

वरुडचा_संत्रा

दोन्ही लिहायचं, शेजारी शेजारी, आणि खाली बाइट जोडायचे. यंत्रवाल्याचा इंजिनिअर बाइटवर वाद घालत नाही. मग तो यंत्र सुधारतो किंवा मॅन्युअल सुधारतो, आणि सुधारलेल्या मॅन्युअलवर आवृत्तीचा नवा क्रमांक घालून घ्यायचा. तो घेतल्याशिवाय सही करायची नाही, वरून कितीही घाई असली तरी.